टोपी

सकाळी सहाला दहिसरच्या मैदानात
माझ्या हातात स्टॉपवॉच दिलं.
निवृत्त माणूस, सवयीचा, म्हणून बोलावलेला.
समोर तीनशे पोरी, पाठीला टाचणीनं अडकवलेले नंबर,
काहींच्या पायांत भावाचे बूट.

साहेब ओरडला, हातातलं सगळं काढा, दोराला अडकेल.
काढून ठेवायचं कुठे?
मी माझी जुनी टोपी उलटी धरली.
काचेच्या, प्लास्टिकच्या, एक लाखेची,
एक कुणी नवसाची म्हणून दोनदा बजावून दिलेली.
टोपी भरली.

तेहतीस वर्षं बंबावर काढली.
मस्जिद बंदरला मिरचीचं गोदाम पेटलं
की धूर डोळ्यांआधी छातीत झोंबायचा.
शिडीवर पाय अडखळलेल्या नव्या पोराला
मी खालून एकच वाक्य ऐकवायचो:
बांगड्या भरल्यात का रे हातात?
पोरगं चढायचं.
वाक्य उपयोगाचं होतं
आणि उपयोगाचं आहे म्हणजे खरंही असणार,
असं मी धरून चाललो.

पुतळा पन्नास किलोचा. रेक्झिनचा, आत वाळू.
नंबर एकशे चाळीस, दर्शना घाडीगावकर, करी रोड.
तिनं पुतळ्याला आधी नीट बसवलं,
काखेतून हात घातला,
गुडघे वाकवले, पाठ सरळ,
आणि एका दमात खांद्यावर.
एवढं शिकवायला आम्हाला आठवडा लागतो.
कुठे शिकलीस, मी विचारलं.
घरी, म्हणाली.

चौथा माळा. लिफ्ट बंद असल्याची पाटी,
पाटीवर कोळ्याचं जाळं.
बापाचा एक पाय साखरेनं नेला,
मग मूत्रपिंडं गेली.
मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस,
एकोणऐंशी पायऱ्या खाली, एकोणऐंशी वर.
शेजारी त्या वेळेला दारं लोटून घेतात,
चांगल्या मनानं, त्याला ओशाळं वाटू नये म्हणून.
तो डोळे मिटून घेतो
आणि दर माळ्यावर म्हणतो,
ठेव गं खाली, जड झालो असेन.

"पुतळा बरा, काका," ती म्हणाली,
"माफी मागत नाही."

माझी वेळ लिहायचीच राहून गेली.
तिला पुन्हा धावावं लागलं.
पहिल्यांदा किती लागले, माहीत नाही.
दुसऱ्यांदा सव्वीस सेकंद.

उडीच्या वेळी एकजण रडत वर चढली,
रडतच उडी मारली,
जाळीतून उठून नाक पुसलं
आणि विचारलं, पुढचं काय?
मी नोकरीत कधी रडलो नाही,
असं घरी सांगत आलोय.

दोनशे सतरा उंचीत गेली.
अर्धा सेंटिमीटर.
मोजणाऱ्या बाईंनी दोनदा मोजली,
दुसऱ्यांदा पट्टी जरा सैल धरून.
नाहीच बसली.
ती म्हणाली, पुतळा तरी उचलू द्या.
नियमात नव्हतं. साहेब चहाला गेला होता.
तिनं उचलला,
मैदान पार केलं, ठेवला, त्याचं डोकं सरळ केलं,
आणि फाटकातून निघून गेली, मागे न बघता.
कुणी वेळ लावली नाही.
म्हणजे, मी लावली.

संध्याकाळी टोपी रिकामी होत गेली.
तळाशी दोन निळ्या काचेच्या उरल्या.

रात्री स्वयंपाकघरात
मी एक घालून पाहिली.
बोटं आवळली, साबण लावला,
अंगठ्याच्या सांध्यापुढे सरकेना.
हीच मूठ पाण्याच्या नळीवर घट्ट बसायची.
बायको भाकरी थापता थापता बघत होती.
"अहो, जोर लावून नाही जात ती," म्हणाली.

टोपी खुंटीवर आहे.
आत दोन बांगड्या आणि एक चिठ्ठी:
नंबर २१७.
तेवीस सेकंद.